औषधांची बॅग की बियाण्यांचं पाकीट? खानदेशात विक्री प्रतिनिधी व्हायचं तर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दरवर्षी कुणी ना कुणी घरी येतं. बी.एस्सी., बी.फार्म. नाहीतर कृषी पदविका झालेला मुलगा, आणि बहुतेक वेळा सोबत वडील. प्रश्न ठरलेला: "भाऊ, एमआर व्हावं का बियाण्याच्या कंपनीत लागावं?" (एमआर म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी.) माझ्याकडे येतात कारण मी दोन्ही करून बसलोय. धुळे-नंदुरबार पट्ट्यात सात वर्षं औषधांची बॅग वाहिली, नंतर नऊ वर्षं बियाणं आणि कीटकनाशकं विकली.

वडील आधी पगार विचारतात. माझ्या पाहण्यात सुरुवातीचा पगार दोन्हीकडे उन्नीस-बीसच असतो. गळ्यात ओळखपत्र, बुडाखाली मोटरसायकल आणि डोक्यावर टार्गेट, हेही दोन्हीकडे सारखंच. फरक गिऱ्हाइकात आहे, आणि तो समजला तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

एमआर ज्या डॉक्टरपुढे उभा राहतो तो डॉक्टर काहीच विकत घेत नाही. तो लिहून देतो. घेतो रुग्ण, विकतो मेडिकलवाला, माल पुरवतो स्टॉकिस्ट. आपण दवाखान्यात बोललो त्याचं काय झालं, हे कळायला शेजारच्या मेडिकलमध्ये जाऊन, दुकानदाराशी गोड बोलून, चिठ्ठ्यांचा अंदाज घ्यावा लागतो. उलट कृषी सेवा केंद्राचा मालक तुमचा माल खरोखर घेतो, हमाल लावून गोडाऊनमध्ये उतरवून घेतो. मग पैशाचं नाव काढलं की अमळनेरकडचा असेल तर अहिराणीत सांगतो, "भाऊ, माल टाकी जा, पैसा दिवाळीले देसू."

म्हणजे एकाला वाट बघावी लागते, दुसऱ्याला मागावं लागतं. स्वभावाला यातलं काय झेपतं ते आधी बघा. मला वाट बघणं जमलं नाही. माझ्याबरोबर लागलेल्या एका मित्राला वसुली जमली नाही. सासरच्या गावातल्या डीलरकडे थकबाकी मागायची वेळ आली आणि त्यानं राजीनामाच टाकला.

एमआरचा दिवस आधी सांगतो. दहा-अकरा डॉक्टर, चार-पाच मेडिकल, आणि रात्री मोबाइलवर डीसीआर, म्हणजे कुणाला भेटलो याचा रोजचा हिशेब. दवाखान्याच्या बाकावर दीड तास बसायचं, आत एक मिनिट मिळतं, आणि त्या मिनिटात डॉक्टरांचा फोन वाजतो. तरी हसून बाहेर यायचं. पूर्वी बोलण्यात कमी पडणारे भेटवस्तूंवर वेळ मारून नेत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारची औषध विपणनाची नवी आचारसंहिता आली. तिच्यात डॉक्टरांना भेटवस्तू नाहीत, आणि एका औषधाची वर्षाला १२ पेक्षा जास्त सॅम्पल पाकिटं एका डॉक्टरला देता येत नाहीत. पळवाटा निघत असतील, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला औषध कळतं त्याचं वजन यामुळे वाढलंय. बी.फार्म.वाल्यांनी, आणि पाठ केलेलं नव्हे तर समजलेलं बोलणाऱ्या बी.एस्सी.वाल्यांनीही, हे ध्यानात घ्यावं.

एमआरच्या बाजूनं मोठी गोष्ट म्हणजे त्याचं काम बारमाही आहे. पावसाळ्यात ताप-जुलाब, थंडीत खोकला, आणि शुगर-बीपीच्या गोळ्यांना तर ऋतूच नाही. टार्गेट महिन्याचं, इन्सेंटिव्ह बहुतेक ठिकाणी तिमाहीचं. दुखणं महिनाअखेरीला, 'क्लोजिंग'ला असतं. साहेबांचा फोन येतो: स्टॉकिस्टकडे अजून थोडा माल टाक. टाकलेला माल खपला नाही की काही महिन्यांनी एक्स्पायरी होऊन तुमच्याच नावावर परत येतो. मी एकदा अशी तिमाही गाजवली होती. पुढच्या दोन तिमाही ती फेडण्यात गेल्या.

बियाण्यात हाच खेळ वर्षातून एकदा होतो, आणि फार मोठा होतो. कपाशीचंच बघा. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत दरवर्षी केंद्र सरकार ठरवतं. २०२४ च्या हंगामात ती ८६४ रुपये होती. छापील भाव सगळ्या कंपन्यांचा जवळपास सारखाच, मग विकणार कशावर? वाणाच्या नावावर. गेल्या वर्षी ज्या वाणाला बोंड चांगलं लागलं त्याच्यासाठी यंदा दुकानासमोर रांग लागते, डीलर तुम्हाला चहा पाजतो आणि "अजून दोन पेट्या द्या" म्हणून मागे लागतो. तुमच्या कंपनीकडे तसा वाण नसेल तर तोच डीलर मान वर करून बघत नाही. यात तुमच्या बोलण्याचा वाटा किती? खरं सांगायचं तर थोडा. म्हणून कंपनी निवडताना तिचं नाव मोठं की छोटं हे बघू नका. तुमच्या तालुक्यात तिचा कोणता वाण शेतकरी स्वतःहून मागतो ते चार दुकानांत विचारून या. त्यात शेजारच्या राज्यातून चोरून येणारं बिनपरवाना बियाणं आहेच. ते ना बिल मागतं, ना टार्गेट.

मे महिन्यात दुकानांत माल भरायचा, याला 'प्लेसमेंट' म्हणतात. बाहेर पंचेचाळीस अंश. रात्री गावात मारुतीच्या पारावर शेतकरी सभा, घरी पोचायला बारा. मग सगळे आभाळाकडे बघत बसतात. पाऊस वेळेवर आला तर जूनमध्ये पेरणी होते आणि वर्ष निघतं. एका वर्षी पाऊस तीन आठवडे लांबला, शेतकरी मका-सोयाबीनकडे वळला, आणि ऑगस्टात माझ्या भागातून टेम्पो भरभरून पाकिटं परत गेली. मे अखेर मी विभागात पहिला होतो, ऑगस्टात शेवटून दुसरा. इन्सेंटिव्ह परत आलेला माल वजा करून आणि वसुली बघून मिळतो, हे मला तेव्हा नीट कळलं.

मग बियाण्यात जाऊच नये का? भागावर आहे. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा यांसारख्या पावसावरच्या कपाशीच्या भागात वरचं सगळं लागू पडतं. रावेर-यावलला केळी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग झाली की पावसाळ्यानंतर लावायची कांदेबाग, त्यामुळे ठिबकवाटे द्यायची विद्राव्य खतं, टिश्यू कल्चर रोपं, फवारणी हे जवळजवळ वर्षभर चालतं. शहादा-नंदुरबारकडे मिरची आणि पपई आहे. तिथल्या शेतकऱ्याला पानावरचा रोग ओळखून सांगणारा माणूस लागतो, आणि एकदा तुमचा सल्ला लागू पडला की तो तुमचा नंबर कंपनी बदलली तरी सोडत नाही. एमआरला हे सुख नाही. त्याच्या गोळीनं कोण बरं झालं हे त्याला कधी कळत नाही. मी औषधं सोडली त्याचं एक कारण हेच असावं. फक्त रावेरला अहिराणीवर भागणार नाही. तिकडची लेवा बोली कानावर असली तर बरं.

एक गमतीचा फरक. आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून एमआरनं तिकडे फिरकू नये. कृषीवाल्यानं मात्र त्याच दिवशी जावं, कारण पंचवीस गावांचा शेतकरी दुकानाच्या पायरीवर आयताच भेटतो.

मुली विचारतात तेव्हा मी औषधांकडे झुकतं माप देतो. मुख्यालय जळगाव असेल तर भुसावळ, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर, करून संध्याकाळी घरी येता येतं. बियाण्यातल्या रात्रीच्या सभा आणि धडगाव-अक्कलकुव्याकडचे घाट मुलींनी करूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण कंपनीनं गाडी दिली पाहिजे, मोटरसायकलवर नाही.

तिसरी वाट बिस्किटं, साबण, तेल यांची. रोज ठरलेली 'बीट', तीस-चाळीस किराणा दुकानं. शिकायला उत्तम, आणि पदवीची फारशी अट नसते. पण नोकरी बहुतेक वेळा कंपनीची नसून वितरकाची असते. वर्ष-दोन वर्षांपेक्षा जास्त तिथे अडकू नका.

आता मुलाखतीतलं. पगाराआधी विचारा, नेमणूकपत्र कुणाच्या नावानं मिळणार? विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ साली कायदा झाला आणि त्यानं नेमणूकपत्र बंधनकारक केलं, पण सुरुवातीला तो औषध उद्योगापुरताच होता. त्या सवयीमुळे असेल, औषधवाले कागद देतात. बियाण्यात 'फील्ड असिस्टंट' म्हणून भलत्याच एजन्सीच्या नावानं चार-सहा महिन्यांसाठी घेतात आणि हंगाम संपला की फोन उचलत नाहीत. दुसरं, गाडीभत्ता. दिवसाला १२० किलोमीटर धरले तर २५ दिवसांचे ३,००० होतात. किलोमीटरमागे एका कंपनीनं तीन रुपये दिले आणि दुसरीनं चार, तर महिन्याला ३,००० रुपयांचा फरक पडला. पगारातल्या दोन हजारांसाठी भांडणारी मुलं हे विचारत नाहीत.

लागायचंच ठरलं तर वेळ बघून लागा. औषधात कधीही लागलं तरी चालतं. सोडताना तेवढं तिमाहीचा इन्सेंटिव्ह खात्यात पडल्यावर सोडा. बियाण्यात जानेवारी-फेब्रुवारीत लागा. तेव्हा डीलर निवांत असतो, दुकानात बसवून घेतो, मागच्या माणसानं काय घोळ घातला तेही सांगतो. मे महिन्यात नवा चेहरा घेऊन गेलात तर तो मोजणीतून डोकं वर न काढता विचारेल, "तुम्ही कोण?"