खिशातला फोटो प्रिंटर, आज्जी आणि जांभळा शालू

प्रिंटर घेतला तो खरं तर आज्जीसाठी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या सांगलीतल्या घरात पाणी शिरलं, अल्बम खालच्या फडताळात राहिला आणि फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवायला गेलं की एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला. जे सुटले त्यांचे मी मोबाईलवर फोटो काढून ठेवलेले. पण आज्जीचं बोट लागलं की स्क्रीनवरचा फोटो पळतो आणि ती म्हणते, "गेले बघ हे परत."

तर हा प्रिंटर. मोबाईलएवढाच पण जाडजूड, शर्टाच्या खिशात जातो पण खिसा लोंबतो. कंपनीचं नाव घेत नाही, या प्रकारचे सगळे साधारण सारखेच चालतात. ब्लूटूथने जोडायचा, ॲपमधून फोटो पाठवायचा, मिनिटभरात दोन बाय तीन इंचाचा फोटो बाहेर. शाई नाहीच, भानगड सगळी कागदात आहे. याला झिंक (झिरो इंक) कागद म्हणतात, त्यात रंगाचे तीन थर, वर पिवळा, मधे मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, तळाला सायन म्हणजे आकाशी निळा, आणि प्रिंटर फक्त कमी जास्त उष्णता देतो तसा तसा रंग उमटतो. पिवळ्याला झटकन जास्त ताप, तळाच्या सायनला कमी पण जरा जास्त वेळ. भाकरीसारखंच की. म्हणूनच ओळीने सात-आठ फोटो काढले की मशीन तापतं आणि मधेच थांबतं, तेव्हा बटणं दाबत बसू नका, निवू द्या.

पाकिटात एक निळा कागद येतो तो मी पहिल्या दिवशी पॅकिंगचा समजून टाकून दिला. तो बारकोड खाली करून सगळ्यात तळाला ठेवायचा असतो, त्यावरून प्रिंटर रंग जुळवून घेतो. कचऱ्याच्या बादलीतून काढून पुसून घातला, चालला.

मावसबहिणीच्या हळदीला नेला आणि तिथं मात्र पैसे वसूल. मागचा कागद सोलला की स्टिकर होतो, पोरांनी पाण्याच्या बाटल्यांना, मोबाईल कव्हरला, एकाने तर आचाऱ्याच्या डब्याला चिकटवला. उजेडातले फोटो छान येतात, रात्री मांडवातले काळपट, त्यामुळे आधीच ब्राइटनेस वाढवून पाठवा. आणि मोबाईलचा उभा फोटो या मापात बसत नाही, दोन्ही कडा कापल्या जातात. कडेला उभे असलेले काका तीन फोटोंत अर्धेच आलेत, ते अजून बोलत नाहीत माझ्याशी.

आता आज्जीचं. तिचा लग्नातला फोटो ब्लॅक अँड व्हाइट. दोनदा काढला, दोन्ही वेळा जांभळट झाक आली. रंगच मिसळून काळा करायचा म्हटल्यावर कुठंतरी एक रंग वर येणारच, पण म्हणून हिरमोड व्हायचा राहत नाही. आज्जीने चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला आणि म्हणाली, "शालू जांभळा नव्हता रे, हिरवा होता." एवढ्या वर्षांत आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, विचारायचं सुचलंच नाही कधी.

खर्च म्हणाल तर मला एक फोटो पन्नास रुपयांच्या आसपास पडला, स्टुडिओत चार बाय सहाचा त्याच्या निम्म्यात होतो आणि चांगला होतो. कागद इथे दोन-तीन दुकानांत विचारला, "पेपर? कसला पेपर?" ऑनलाईनच मागवावा लागतो. आणि कागदाला ऊन लागू देऊ नका, उन्हाळ्यात गाडीत तर अजिबात ठेवू नका.

कार्यक्रमाला, पोरांना, फ्रिजच्या दाराला घ्यायचा तर घ्या. जुन्या फोटोंसाठी नको. आज्जीचा लग्नाचा फोटो मी शेवटी स्टुडिओतच टाकलाय, शनिवारी मिळणार. जांभळा पण तिने परत दिला नाही, औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय.