इटलीची रेल्वे तिकिटं: कुठली घरबसल्या काढायची, कुठली स्टेशनवर

इटलीत तिकीट कधी काढायचं हे गाडी कुठल्या प्रकारची आहे त्यावर ठरतं. फ्रेच्चारोसा, इंटरसिटी आणि खासगी कंपनीची इतालो या आरक्षणाच्या गाड्या; रेजोनाले म्हणजे आपल्या भाषेत पॅसेंजर. आरक्षणाच्या गाड्यांचं भाडं विमानाच्या तिकिटासारखं चढत जातं. रेजोनालेचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढा नाहीतर सुटायच्या पाच मिनिटं आधी.

रोम ते मिलान किंवा फ्लोरेन्स ते व्हेनिस हे प्रवास आधीच बुक करावेत. सरकारी रेल्वे कंपनी त्रेनीतालियाची विक्री साधारण चार महिने आधी उघडते, पण वेळापत्रक जून आणि डिसेंबरच्या मध्याला बदलतं आणि त्यापुढच्या गाड्या बरेचदा उशिरा दिसू लागतात. हव्या तारखेला गाडी दिसली नाही तर घाबरून दुसरा मार्ग घेऊ नका, थोडे दिवस थांबा.

भाड्याचे मुख्य तीन स्तर आहेत. सुपर इकॉनॉमी सगळ्यात स्वस्त, पण ना बदल, ना परतावा. इकॉनॉमीत फरक भरून सुटण्याआधी एकदा बदल मिळतो, पैसे मात्र परत नाहीत. बेस महाग, पण गाडी सुटेपर्यंत हवं तितक्या वेळा फुकट बदलता येतं. ज्या दिवशी विमानाने उतरणार त्या दिवसाचं सुपर इकॉनॉमी काढणं हा सरळ जुगार आहे: विमानाला उशीर झाला की तिकीट गेलं. त्या दिवसापुरतं बेस घ्या किंवा उतरल्यावर काढा. बाकी दिवसांना स्वस्तातलं खुशाल घ्या. इतालोही त्याच मार्गांवर धावते, म्हणून दोन्हीकडचे दर ताडून पाहावेत. मात्र एकाचं तिकीट दुसऱ्याच्या गाडीत चालत नाही. तिऱ्हाईत साइट बहुधा वर शुल्क लावतात, तेव्हा थेट कंपनीच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर जाणं बरं.

रेजोनाले मात्र स्टेशनवरच काढावी. फ्लोरेन्स ते पिसा, ला स्पेझिया ते चिंक्वे तेर्रे, अशा प्रवासात जागा राखीव नसते, गाडी चुकली तर पुढची पकडायची. दंड होतो तो इथेच, आणि बहुतेक वेळा तिकीट खिशात असूनही होतो. कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. तिथून चार तास ते चालतं. शिक्का नसलेलं तिकीट पुन्हा वापरता येईल, म्हणून तपासनीस ते बिनतिकीट प्रवासासारखंच धरतात. यंत्र बंद असेल तर पेनाने तारीख, वेळ आणि स्टेशन लिहा आणि चढताच स्वतः तपासनीसाला गाठा. मोबाइलवरच्या तिकिटाला शिक्का नसतो, पण चढण्याआधी त्यात चेक-इन करावं लागतं. नुसता क्यूआर कोड दाखवून भागत नाही, आणि स्टेशनवर नेट गेलं तर पंचाईत.

तिकीट यंत्रांची भाषा इंग्रजी करता येते. काही यंत्रं फक्त कार्ड घेतात, रोख घेणारी ठरावीक मर्यादेपर्यंतच सुटे परत देतात. पडद्यावर वाचून मग नोट घाला. कार्डाचा पिन पाठ हवा. रोमच्या तेर्मिनी या मुख्य स्टेशनवर यंत्राशी कुणी आपणहून मदतीला आलं तर नम्रपणे नाही म्हणा. शेवटी पैसे मागतील, किंवा तुमचं लक्ष यंत्रात असताना पाकीट जाईल.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून तेर्मिनीला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत पोहोचते. तिचं भाडं बराच काळ १४ यूरो आहे, आधी काढून काही वाचत नाही. त्याच विमानतळावरची स्वस्त एफएल-१ ही रेजोनाले गाडी तेर्मिनीला जातच नाही. त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से किंवा तिबुर्तिनाजवळ राहणाऱ्यांसाठी ती उत्तम.

बुकिंग करताना स्टेशन नीट निवडा. व्हेनिस शहरासाठी सांता लुचिया. मेस्त्रे हे खाडीअलीकडचं, मुख्य भूमीवरचं. पोम्पेईच्या अवशेषांना सगळ्यात जवळचं स्टेशन नेपल्सहून सोरेंतोला जाणाऱ्या चिर्कुमवेझुव्हियाना या वेगळ्या रेल्वेवर आहे, त्रेनीतालियाच्या साइटवर ते शोधू नका. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन ठळक असतं, तुमचं नव्हे. तेव्हा गाडीचा क्रमांक जुळवा. फलाट सुटण्याच्या थोडाच वेळ आधी जाहीर होतो.

संप हा इथला नेहमीचा पाहुणा, फलकावर 'शोपेरो' लिहिलेला दिसेल. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरलेल्या रेजोनाले गाड्या संपातही सोडतात. त्या दिवशी विमान पकडायचं असेल तर याच पट्ट्यातली गाडी धरा.