यमक कोठून आणावे: तोंड, वही, कोश की मोबाइल?

विदर्भातल्या खेड्यात गाणे लिहिणाऱ्याला यमक नेमके कशासाठी हवे आहे, हे आधी ठरले तर साधन निवडणे सोपे जाते. पोळ्याला बैलांपुढे मोठ्याने म्हणायच्या झडत्या, भजनी मंडळासाठी नवा अभंग, शाळेच्या स्नेहसंमेलनातले स्वागतगीत, दंडार या लोकनाट्यातले किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातले पद आणि अमरावती-अकोल्याच्या मुशायऱ्यात वाचायची गझल, या सगळ्यांची मागणी ‘जुळणारा शब्द’ हीच असली, तरी जुळणे म्हणजे काय याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. साधने ढोबळमानाने चार आहेत: तोंडाने बाराखडी फिरवणे, स्वतःची वही, शब्दकोश आणि मोबाइलवरचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे संवादी ॲप. इंग्रजीत यमककोशांची परंपरा जुनी आहे आणि आज त्यांची संकेतस्थळेही भरपूर आहेत, परंतु मराठी लिहिणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही म्हणून ती येथे बाजूला ठेवली आहेत.

चारही साधने एकाच शब्दावर ताडून पाहू. शब्द वऱ्हाडातलाच घेऊ: पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड.

बाराखडी फिरवायची म्हणजे शब्दाचे शेपूट, येथे ‘आटी’, कायम ठेवून त्याच्या पुढे क पासून ह पर्यंत एकेक व्यंजन लावत जायचे. घाटी, ताटी, दाटी, पाटी, लाटी, वाटी हे शब्द मिनिटाभरात हाती येतात. नागपूरकडच्या बोलण्यात हिंदीचा शेजार असल्यामुळे ‘माटी’ही चालून जाते. दुसऱ्या फेरीत आधी एक-दोन अक्षरे वाढवली, की रहाटी, परिपाटी, चौपाटी आणि मऱ्हाटी मिळतात. यांतला शेवटचा शब्द सर्वांत मोलाचा आहे, कारण तो केवळ शेपटाने जुळत नाही, तर ‘ऱ्हाटी’ एवढा सबंध जुळतो. शिवाय ‘ऱ्ह’मुळे आधीचे अक्षर गुरू होत नसल्याने दोन्ही शब्दांचे वजन लघु-गुरू-गुरू असे सारखेच राहते आणि चालीत एकाच्या जागी दुसरा शब्द बिनदिक्कत बसतो. या पद्धतीला ना वीज लागते ना नेटवर्क, आणि सापडलेला प्रत्येक शब्द उच्चारूनच सापडलेला असल्यामुळे तो कानाला जुळतो की नाही ही परीक्षा आपोआप झालेली असते. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. आपल्याला जे शब्द ठाऊक आहेत तेच तोंडात येतात, आणि चार गाण्यांनंतर दाटी-वाटी, वाटी-दाटी अशी येरझार सुरू होते.

ही येरझार थांबवण्यासाठी माणूस कोशाकडे वळतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला, आणि तालुक्याच्या जुन्या ग्रंथालयात त्याचे विभाग असले तर ते अवश्य चाळावेत. परंतु छापील कोश शब्दाच्या पहिल्या अक्षरानुसार लावलेला असतो आणि यमक असते शेवटी, म्हणून त्या कामासाठी तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. डिजिटल कोशाचे तसे नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, आणि ज्या डिजिटल कोशात अमुक अक्षरांनी संपणारे शब्द मागता येतात, तेथे ‘ाटी’ एवढे टंकून मिळणारी यादी कोणाच्याही स्मरणशक्तीपेक्षा लांब असते. ती वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या कोशांत न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिलेले असतात, कारण ते गाळण्याचा नियम १९६२ साली आला. ‘गहू’ तेथे ‘गहूं’ असा असल्यामुळे केवळ ‘हू’ शोधणाऱ्याच्या हाती तो लागणार नाही. दुसरे असे, की अकारान्त शब्दाचा शेवटचा ‘अ’ आपण उच्चारीत नाही. ‘घर’ला यमक हवे म्हणून ‘र’ने संपणारे शब्द मागितले, तर दूर, खीर, मोर, बाजार असे सगळे एका ओळीत येऊन बसतात आणि त्यांतले एकही घराशी जुळत नाही. शोध शेवटच्या व्यंजनाचा नव्हे, तर त्याच्या आधीच्या स्वरासह करावा लागतो.

कोशाची खरी अडचण मात्र याहून मोठी आहे आणि निवड करणाऱ्याने तिचाच विचार सर्वांत आधी करावा, असे मला वाटते. कोशात मूळ शब्द असतात; मराठी गाणे चालते ते विभक्तीच्या आणि क्रियापदांच्या रूपांवर. सगळी क्रियापदे कोशात ‘णे’ने संपतात. ‘पेरतो’ला ‘हेरतो’, ‘रानात’ला ‘मनात’ किंवा ‘पिकली’ला ‘विकली’ ही जुळणी कोशाच्या शेपटांच्या यादीत कधीच दिसणार नाही, कारण तेथे पेरणे, रान, मन, पिकणे आणि विकणे हे शब्द आपापल्या ठिकाणी सुटे बसलेले आहेत. लेखणीला रोज लागणारी निम्मीअधिक यमके अशी कोशाबाहेर राहतात. ती तोंडाला मात्र सहज येतात; कधीकधी तर इतकी सहज, की ‘येतो-जातो-खातो’ छापाचे पद तयार होते आणि केवळ प्रत्यय जुळले म्हणून कवीला समाधान वाटू लागते. प्रत्ययाच्या आधीचे अक्षरही जुळले पाहिजे, एवढी अट स्वतःला घालून घेतली तर हा मोह आवरतो.

संवादी ॲपला ही रूपे येतात, ही त्याची जमेची बाजू. ‘पिकलीशी जुळणारी भूतकाळातली स्त्रीलिंगी रूपे दे’ असे नेमके सांगितले तर ते कामाची यादी देते. मात्र ‘पऱ्हाटीला यमक दे’ एवढेच सांगितल्यास माती, शेती असे केवळ अर्थाने जवळचे शब्द यमक म्हणून पुढे येण्याची शक्यता बरीच असते, आणि मधूनच एखादा असा शब्द येतो जो मराठीत अस्तित्वातच नाही. म्हणून ॲपने दिलेला अनोळखी शब्द कोशात पाहिल्याशिवाय ओळीत घालू नये.

बोलीत लिहिणाऱ्याला तर ॲप आणि कोश दोन्ही अपुरे पडतात. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. त्यामुळे शाळा ‘शाया’ होते, काळा ‘काया’ होतो, आणि प्रमाण मराठीत ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे शाळा आणि माया हे शब्द बोलीत शेजारी येऊन बसतात. ‘पाणी’ आणि ‘ज्ञानी’ यांचे यमक पुस्तकी कानाला सदोष वाटेल, परंतु ‘पानी’ म्हणणाऱ्याच्या तोंडी ते निर्दोष आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘बापाले’ या रूपांतून तर एक अख्खे घराणे उभे राहते. हे सगळे भांडार बोलणाऱ्याच्या तोंडात आहे आणि त्याची यादी वहीशिवाय अन्यत्र मिळणार नाही. वहीबद्दल फार सांगण्यासारखे नाही: पहिल्या अक्षराऐवजी शेवटच्या स्वर-व्यंजनानुसार पाने पाडावीत आणि बाजारात, एसटीत, वावरात ऐकलेला शब्द त्याच दिवशी त्याच्या पानावर टाकावा.

आता प्रकारानुसार निवड. अभंगाला फार यमके लागत नाहीत. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मोठ्या अभंगात दुसरा आणि तिसरा चरण जुळला की झाले, आणि आठ-आठ अक्षरांच्या छोट्या अभंगात दोन चरणांची जोडी पुरते. येथे तोंड आणि वही भरपूर झाली. ग्रंथातल्या ओवीला पहिले तीन चरण जुळणारे लागतात. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता याच ओवीत असल्यामुळे त्यांचा आश्रम असलेल्या मोझरीच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या कानात तीन यमकांची ती ठेवण आधीच बसलेली असते, आणि तिसरा शब्द अडला तरच कोश उघडावा लागतो.

गझलेचे प्रकरण वेगळे आहे, आणि ज्या जिल्ह्याने मराठीला सुरेश भट दिले त्या अमरावतीत ते सैल हाताने चालवून घेतले जात नाही. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत आणि पुढच्या प्रत्येक दोन ओळींच्या शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, यावा लागतो, म्हणजे किमान पाच शेरांच्या गझलेला सहा काफिये हवेत. शिवाय अलामत, म्हणजे जुळणाऱ्या अक्षरांच्या आधीचा स्वर, शेवटपर्यंत न बदलता सांभाळावी लागते. मतल्यात ‘पसारा’ आणि ‘किनारा’ घेतले, तर निवारा, इशारा, शहारा चालतील. ‘गजरा’ आणि ‘हसरा’ यांचाही शेवट ‘रा’च असला तरी आधीचा स्वर ‘अ’ असल्याने ते बाद होतात. येथे डिजिटल कोशाला पर्याय नाही. मतला लिहिण्याआधीच ‘ारा’ने संपणारे शब्द काढून, त्यांतले वापरण्याजोगे दहा-बारा बाजूला ठेवून मगच लिहायला बसावे. तेवढे मिळाले नाहीत, तर गझल ओढत नेण्याऐवजी काफियाच बदलावा, कारण तिसऱ्या शेरानंतर केवळ यमकासाठी आणलेला शब्द श्रोत्याला लांबून ओळखू येतो.

झडतीत याच्या अगदी उलट असते. श्रावण अमावास्येला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना ती मोठ्याने म्हणायची असते आणि समोरून दुसऱ्या पार्टीची झडती येणार असते. तेथे काठी-पाटीसारखा ट-ठचा फरक कोणी काढीत नाही, पण ‘शाळा’ असा शुद्ध उच्चार केला तर मात्र गर्दी हसते.

वावरात उभी पऱ्हाटी,
घरात रिकामी वाटी,
जिनिंगवर लागली भावाची पाटी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

या तीन ओळींसाठी कोश उघडावा लागला नाही, आणि ॲपला ‘जिनिंग’, म्हणजे कापसातली सरकी काढण्याचा कारखाना, सुचली असती असे मला वाटत नाही. झडती लिहिणाऱ्याने मोबाइलवर वेळ घालवण्यापेक्षा गावात पूर्वी झडत्या म्हणणारे जे कोणी म्हातारे असतील त्यांच्याकडे पोळ्याच्या आठ दिवस आधी संध्याकाळी जाऊन बसावे, आणि जाताना वही न्यावी.