बूस्ट कंट्रोलरच्या नावाखाली माझे २२,७०० रुपये गेले

लिहायला लाज वाटते. पण जळगाव-धुळ्याकडे असले पार्ट दुकानात सहज मिळत नाहीत, आपण मोबाइलवरूनच मागवतो, म्हणून सांगतोय.

गाडी जुनी टर्बो पेट्रोल. मे महिन्यात चार माणसं घेऊन चाळीसगावहून कन्नड घाट चढताना दम टाकायची. टर्बो इंजिनात जी जादा हवा कोंबतो, तिचा दाब म्हणजे बूस्ट. तो कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर १८,५०० ला सापडला. विकणारा "दादा, दादा" करत तासभर बोलला, मी यूपीआयने पैसे टाकले. मी काही अडाणी नाही, दहा वर्षं माझी गाडी मीच उघडतो.

पण त्या तासाभरात त्याने एकदाही विचारलं नाही की वेस्टगेटचा, म्हणजे टर्बोला फिरवणारा धूर बाजूने सोडून बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा, अ‍ॅक्च्युएटर (झडप हलवणारा भाग) हवेच्या नळीवर चालतो की विजेवर. विजेवरचा असेल तर नळीत बसणारा कंट्रोलर काही कामाचा नाही. विकणारा हे विचारत नसेल तर फोन ठेवा. वर म्हणाला, "बूस्ट ०.३ बारपर्यंत खालीही आणता येईल." अ‍ॅक्च्युएटरच्या स्प्रिंगने ठरलेल्या दाबापेक्षा कमी बूस्ट कुठलाच कंट्रोलर देत नाही. मला माहीत होतं, तरी गप्प बसलो.

पार्सल आलं. चावी फिरवली, इंजिन अजून बंद, आणि पडद्यावर १.१ बार! बंद इंजिनात बूस्ट येईल कुठून? तिथेच थांबायला हवं होतं. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. फोनवर म्हणे, "दादा, कॅलिब्रेशन बाकी आहे." 'फाइल अनलॉक'चे आणखी ४,२०० घेतले. आधीचे बुडू नयेत म्हणून दिले, दुसरं काय करणार होतो?

शेवटी मिस्त्रीने खोकं उघडलं. दाब मोजणारा सेन्सरच नाही. सोलेनॉइडची (नळीतली हवा विजेने सोडणारी-अडवणारी झडप) वायर आत गोंदाने नुसती चिकटवलेली, कशालाच जोडलेली नाही. "यामा काहीच नही, भाऊ."

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "बूस्ट म्हणजे काय?" अर्धा तास समजावलं. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. तीन दिवसांची मजुरी बुडाली, आणि साधी पोच मिळवायला भांडावं लागलं! चोर तो, आणि बाकावर ताटकळलो मी.

पैसे गेले की त्याच दिवशी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावा. मी त्याच्या गोड बोलण्यावर ११ दिवस घालवले. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, माझ्याकडे नव्हता.

त्याचा नंबर आता बंद आहे. जाहिरात चालूच आहे, फोटो तोच, नाव वेगळं, किंमत १६,९००.