गहू की ज्वारी: वाढता कार्बन डायऑक्साइड कोणाच्या पथ्यावर?

हवेतला कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत 280 भाग) 420 च्या पुढे गेलाय. कागदावर फायदा गव्हाचा. त्याच्या पानातलं, कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) चुकून ऑक्सिजनही पकडतं, उन्हात जास्तच. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही चूक घटते. पण दाण्यातली प्रथिनं, जस्त, लोह उतरतं. त्यात फुलोऱ्यात पारा 30 अंशांपुढे गेला तर परागकण वांझ होऊ लागतात, पुढे दाणा भरायचे दिवस घटतात. हाती येतो सुरकुतलेला, हलका दाणा. म्हणून बागायती पेरणी 15 नोव्हेंबरपर्यंत उरकावी.

ज्वारी कार्बन डायऑक्साइड आतल्या पेशींत कोंडून रुबिस्कोला पुरवते. जास्तीचा तिला फारसा लागत नाही. तिचा नफा पाण्यात: हा वायू वाढला की पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) अर्धवट मिटतात, ओल टिकते. (मात्र पान तापतं!) जिरायतीत ज्वारीच बरी.