लांब केस आणि बाईक: वेणी, अंबाडा, स्कार्फ की बफ?

माझे केस कमरेच्या जरा वरपर्यंत, दाट, आणि वारा लागला की लगेच गुंता होणारे. आठवडाभर पुण्यात कोथरूड ते हिंजवडी, आणि महिन्यातून दोन शनिवार साताऱ्याला घरी, म्हणजे एका बाजूला साधारण 110 किलोमीटर. आधी स्कूटर होती आता साडेतीनशे सीसीची बाईक आहे, आणि या काळात केसांचे सगळे प्रकार करून झालेत. ज्यांनी नुकतीच गाडी घेतलीये आणि रोज संध्याकाळी कंगवा घेऊन रडतायत त्यांच्यासाठी लिहितेय (मुलगे पण आले यात, आमच्या ग्रुपमधल्या दोघांचे केस माझ्याएवढे आहेत आणि निगा शून्य).

मोकळे केस आणि पोनीटेल आधीच बाद करू. मोकळ्याचं सांगायलाच नको. पोनी वरती बांधली तर हेल्मेट बसत नाही, खाली बांधली तर हेल्मेट बसतं पण रबराच्या खालचा सगळा शेपटा वाऱ्यावर, वीस मिनिटांत त्याची दोरी होते. ऑफिस दहा मिनिटांवर असेल तर चालवा खुशाल.

अंबाडा दिसायला सगळ्यात सेफ वाटतो कारण एकही केस बाहेर नाही. पण फुल फेस हेल्मेटमध्ये दाट केसांचा अंबाडा म्हणजे डोक्यामागे लिंबू ठेवून उशीवर झोपण्यासारखं. मानेवर घातला तर हेल्मेटची मागची कड त्यावर टेकते आणि हेल्मेट पुढे सरकतं, खंबाटकीच्या वळणांवर मी एका हाताने सारखं हेल्मेट मागे ढकलत होते, त्या दिवसापासून अंबाडा बंद. आणि क्लचर किंवा आकडे लावून तर अजिबात नको, हेल्मेटच्या आत डोक्याला टेकलेली कुठलीही टणक वस्तू पडल्यावर काय करेल याचा विचार करा. केस पातळ असतील आणि हेल्मेट अर्धं असेल तर मऊ रबराने घातलेला छोटा अंबाडा शहरात चालतो, एवढंच.

आता स्कार्फ, म्हणजे पुण्याचा राष्ट्रीय पोशाख. दोन मीटरचा कॉटनचा स्टोल, फक्त डोळे उघडे. धूळ, ऊन, धूर सगळ्याला उत्तर, केसही आत राहतात, आणि उतरल्यावर तोच ओढणीसारखा घेता येतो. पण गाठ कुठे मारता ते महत्त्वाचं. डोक्यामागे मारली तर अंबाड्याचाच त्रास, म्हणून गाठ मानेच्या खाली घ्यायची आणि दोन्ही टोकं जॅकेटमध्ये किंवा कुर्त्याच्या आत खोचायची म्हणजे खोचायचीच. स्कूटरवर वाटतं काही होत नाही, पण बाईकला चेन उघडी असेल तर लोंबतं टोक आत ओढलं जायला एक सेकंद पुरतो. साडी-ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं गार्ड नियमातच आहे, आणि तेच लोक काढून टाकतात बाईक कूल दिसावी म्हणून! दुसरं म्हणजे जाड कॉटन केसांवर घासतं, लांबच्या प्रवासात कपाळाजवळचे बारीक केस तुटतात. आणि हो, स्कार्फ गुंडाळला म्हणजे हेल्मेट नको असं नाही, माझी एक मावसबहीण अजून हाच वाद घालते.

बफ किंवा बालाक्लाव्हा. पातळ, ताणणारं कापड, डोक्यावरून ओढलं की झालं, गाठ नाही, टोक नाही. घाम हे कापड शोषतं त्यामुळे हेल्मेटच्या पॅडिंगला वास येत नाही, दोन-तीन घेऊन ठेवा आणि रोज धुवा. पण एकटा बफ लांब केसांना पुरत नाही, डोकं झाकलं जातं आणि खालचा हातभर शेपटा तसाच राहतो.

म्हणून माझं उत्तर वेणी, वरून बफ. पण वेणी कुठून सुरू करायची यातच सगळी गंमत आहे. सागरवेणी टाळूपासून सुरू होते, दाट केसांत तिचा उंचवटा तयार होतो आणि तासाभराने नेमकं तिथेच ठणकायला लागतं. साधी तीन पेडांची, मानेपासून, सैल, खाली टोकाला कापडी रबर आणि मध्ये एक आणखी, कारण एक तुटलं की गावाला पोचेपर्यंत सगळी सुटते. मग वेणी जॅकेटच्या आत. बाहेर ठेवली तर ऐंशीच्या स्पीडला पाठीवर चाबूक बसतो. जॅकेटच्या कॉलरला वेल्क्रो असेल तर आधी तो बंद करा, नाहीतर शिरवळला चहाला थांबल्यावर कॉलर उघडताना मानेजवळची आख्खी बट वेल्क्रोला चिकटून येते, मी डोळ्यात पाणी आणून अनुभवलंय. हेल्मेटचा पट्टा लावतानाही कानामागची बट एका हाताने बाजूला धरायची.

ओले केस बांधून हेल्मेट घालू नका, घाईत सगळ्याच करतो पण ओला केस ताणला की पटकन तुटतो आणि आत दमट राहून वास, खाज सुरू. मी केस रात्री धुते. पोचल्यावर विंचरताना टोकाकडून वर यायचं, मोठ्या दाताचा कंगवा, बोटाला दोन थेंब खोबरेल. आणि हेल्मेट घ्यायला जाताना रोज जशी वेणी घालणार तशीच घालून, बफ चढवून जा, आयएसआय मार्क बघा आणि मान जोरात हलवून बघा.

कापून टाकावेत का, हा प्रश्न मलाही पडतो, पण खांद्यापर्यंत कापणार असाल तर थांबा. ती लांबी गाडीवर सगळ्यात वाईट, वेणी धड होत नाही आणि सगळ्या बटा पुढून काचेच्या आत डोळ्यावर येतात. कापायचेच तर बॉयकट.