एमसीए करावं की आयटीतलं एमबीए?

बीसीए, बीएस्सी झालेल्यांपुढे हा पेच दरवर्षी असतो. दोन्ही दोन वर्षांचे. एमसीए, म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्समधली मास्टर्स पदवी, पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून दोनवर आलं. महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष दोन्हींसाठी वेगळी परीक्षा घेतो. एमबीएला कुठल्याही शाखेची पदवी चालते. कॉमर्स, आर्ट्सवाल्यांना एमसीएसाठी मात्र बारावीला किंवा पदवीला गणित झालेलं असलेलं बरं.

खरा फरक वर्गात कळतो. एमसीएत डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, नेटवर्क आणि मध्यरात्री अडून बसलेला प्रोग्रॅम. एमबीएत ईआरपी (कंपनीचे सगळे विभाग जोडणारं सॉफ्टवेअर), प्रोजेक्ट मॅनेजमेंट, जोडीला अकाउंट्स आणि मार्केटिंग. ‘पंधरा दिवसांत होणार नाही’ हे क्लायंटच्या गळी कसं उतरवायचं ते इथे शिकवतात. का होणार नाही, हे मात्र एमसीएवाल्याला विचारावं लागतं!

कोडिंगची आवड असेल तर माझं मत सरळ एमसीएला. पदवीनंतर लगेच एमबीए केलं, तर मॅनेज करायला हाताखाली कोण असतं? सुरुवात बहुधा बिझनेस अ‍ॅनालिस्ट (क्लायंटला काय हवंय ते समजून टीमला सांगणारा) किंवा सपोर्टपासूनच होते. दोन-तीन वर्षं नोकरी झालेल्याला मात्र एमबीएचे पैसे वसूल होतात. तरी फॉर्म भरण्याआधी फी बघा. नावाजलेल्या खासगी संस्थांत एमबीएचा आकडा डोळे पांढरे करतो.